टीव्हीला पाणी

टीव्हीला पाणी घालावं लागतं हे मला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षात कळलं. वाटूरच्या फाट्यापासून आत तासभर चालत जावं लागे, अशा एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मीही अजून जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहे.

आज माझ्या शाळेत दोन संगणक आहेत. डी.एड.ची मुलंमुली दर वर्षी सराव पाठांसाठी येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, पाठात कम्प्युटर वापरला तर चालेल?" मी विचारते, तो कशावर चालतो ते माहीत आहे का. त्यांना वाटतं, मी सॉफ्टवेअरचं विचारते. मी भिंतीतल्या सॉकेटकडे बोट दाखवते आणि म्हणते, आधी हे उघडून बघा, तार कुठून आली ती बघा, मग पाठाचं बोलू. ती आपसांत हसतात. हसू देत.

आमचं अध्यापक विद्यालय जालन्यात होतं. मी मस्तगडातून चालत जायची. वडील एका कापड दुकानात नोकरीला होते आणि माझ्यामागे दोन बहिणी होत्या. घरात ठरलेलं होतं, की गुणांवर माझी निवड झाली तर मी नोकरी करायची आणि बहिणी शिकायच्या. नाही झाली, तर परतूरकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, ते पक्कं करायचं. वडील कधी ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "निकालापर्यंत थांबायला सांगितलंय त्या लोकांना." पहिल्या वर्षाचे माझे गुण बरे होते, पण निवड यादीत बसतील असे नव्हते. आता सगळा भार वार्षिक पाठावर होता. बाहेरगावचा परीक्षक येई, वर्गात मागे बसून एक पाठ बघे आणि गुण देई.

शैक्षणिक तंत्रविज्ञान नावाचा विषय आम्हाला होता. विद्यालयात एक प्रोजेक्टर होता. त्याला प्राचार्यांच्या घरून शिवून आलेला फुलाफुलांचा अभ्रा होता आणि दोन वर्षांत तो अभ्रा एकदाच निघाला. बाकी आम्ही वहीत प्रोजेक्टरची आकृती काढून भागांना नावं द्यायचो. मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. वायर काढायची राहिली, म्हणून एक गेला.

आमच्या अध्यापिका वर्गात म्हणाल्या होत्या, "तक्ते सगळ्याच आणतात. खरं यंत्र कुणी वापरलं, तर परीक्षक मान वर करून बघेल." मी ते डोक्यात ठेवलं. छात्रसेवाकालासाठी, म्हणजे खऱ्या शाळेत राहून शिकवायच्या दिवसांसाठी, मी टीव्ही असलेली शाळा मागून घेतली. सरकारी योजनेतून काही शाळांना तेव्हा रंगीत टीव्ही मिळाले होते. सकाळी शाळांसाठी मराठीत कार्यक्रम लागायचा आणि त्याचं वेळापत्रक छापून यायचं. माझ्या परीक्षेच्या दिवशी 'पक्ष्यांची घरटी' हा कार्यक्रम होता. चौथीच्या परिसर अभ्यासात तो धडाच होता. एवढं जुळून आल्यावर मी मागे हटणार नव्हते.

शाळा तीन खोल्यांची होती. मुख्याध्यापक गुरुजी पन्नाशीचे, हडकुळे, कपडे स्वच्छ धुतलेले. टीव्ही लोखंडी कपाटात होता. कपाट उघडलं तेव्हा काचेवर हळदीकुंकवाची बोटं दिसली.

"गुरुजी, हा लावता कधी?"

"दसऱ्याला काढतो न."

"आणि शिकवायला?"

"शाळेत लाईटच न्हाई, बाई. अर्ज दिलाय तालुक्याला. त्याला तीन दसरे झाले."

मी तीन दिवस त्यांच्या मागे लागले. तुमच्या शाळेचं नाव होईल, परीक्षक वर जाऊन सांगतील, तुमचा अर्ज लवकर निघेल, असं सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या मोटारी भरणाऱ्याला बोलावलं. हा माणूस विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचा. गावात विजेचं कुणाचंही काम असलं, की त्यालाच हाक जाई. शाळेच्या मागून शेतात लाईन गेली होती. त्याने बांबूने एका तारेवर आकडा टाकला आणि ती तार खिडकीतून आत घेतली. मग हातभर लोखंडी सळई घेऊन भुईवर जागा शोधायला लागला.

"दुसरी तार कुठे जोडणार?" मी विचारलं.

"भुईत."

"भुईत कशी?"

"भुई वढून घेती करंट. सगळं गाव असंच चालवून राह्यलं, ताई. बिलकुल फिकीर न्हाई."

शाळेच्या मागच्या कोपऱ्यात हातपाय धुवायची शिळा होती. शेजारी पाण्याचा रांजण. तिथली भुई त्याने पायाने दाबून पाहिली, "हितं ओल ऱ्हाती," म्हणाला आणि शिळेला लागूनच सळई ठोकली.

टीव्ही लावला. चित्र आलं, पण हातरुमालाएवढं. भोवती सगळा काळा पडदा आणि मधोमध आखडलेली माणसं. मोटारवाला बाहेर गेला, रांजणातून तांब्या भरून सळईच्या बुडाशी ओतला आणि खिडकीतून म्हणाला, "आता बघा." चित्र चहूबाजूंनी पसरत गेलं आणि पडदा भरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी टीव्हीला हात जोडले. मीही खूश झाले. आमच्या वहीतल्या आकृतीत हे कुठेच नव्हतं.

उन्हाळा लागला होता. ओतलेलं पाणी भराभर जिरायचं आणि चित्र पुन्हा आखडायला लागायचं. गुरुजींनी चौथीतल्या मुलींच्या पाळ्या लावून दिल्या. वर्ग झाडायची पाळी असते, तशी टीव्हीला पाणी घालायची पाळी. चित्र लहान झालं, की पाळीवरची मुलगी उठे आणि मागे जाऊन तांब्या ओते. कुणाला यात काही नवल वाटेनासं झालं. मलाही नाही.

आठवडा गेला असेल. एक मुलगी पाणी ओतून आली आणि खाली बसून पोटऱ्या चोळायला लागली. केस आखूड कापलेली, पाढ्यांना वर्गात सगळ्यांत पक्की.

"काय झालं गं?"

"मुंग्या आल्या, बाई."

"चावल्या?"

"त्या मुंग्या न्हाई. पायात आल्या. टीव्ही चालू असला की येतात."

शेजारची म्हणाली, "हिला रोजच येतात. मला तर गुडघ्यापस्तोर आल्त्या."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मागे गेले, तर पाच-सहा जणी हात धरून ओळीने उभ्या होत्या. आत गुरुजी बातम्या बघत होते. पहिली मुलगी ओल्या भुईवर पाय टेकवी आणि लगेच मागे घेई, मग सगळी ओळ खिदळायची. त्यांचा तो खेळ झाला होता. मी छडी घेऊन त्यांना पिटाळलं. मग एकटीच तिथे उभी राहिले. रांजणाभोवती कोंबड्या नेहमी टिपत असायच्या. आता त्या भिंतीच्या पलीकडच्या टोकाला होत्या. पाणी या बाजूला आणि कोंबड्या त्या बाजूला.

मी मोटारवाल्याला बोलावून विचारलं. तो सळईकडे न बघताच म्हणाला, "चपला घालून पाणी घालायचं. मंग काही न्हाई."

"मुलींना चपला कुठे आहेत?"

"मंग तुमच्या द्या."

मी दिल्या. माझा एक जुना रबरी जोड होता, तो मागच्या दारात ठेवला आणि पाळीच्या मुलीने तो घालूनच जायचं, असा नियम केला. मुलींच्या पायांना तो मोठा व्हायचा, फटक फटक आवाज करत त्या जायच्या. माझ्या डोक्यातला विषय तेवढ्यावर मिटला. मी पाठाचं टाचण लिहायला बसले.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना सकाळी शाळेमागून आरडाओरडा ऐकू आला. मागच्या घरातल्या एका म्हातारीची शेळी शिळेजवळ मरून पडली होती. खळग्यात साचलेलं पाणी प्यायला आली असणार. तोंड पाण्यातच होतं, चारी पाय ताठ. आत टीव्ही चालू होता. मीच तासभर आधी लावून ठेवला होता, चित्र किती वेळ टिकतं ते बघायला. तो मी आधी बंद केला आणि मग बाहेर गेले.

म्हातारी म्हणत होती, "आत्ता चांगली व्हती. आत्ता माझ्या हातची भाकर खाऊन आल्ती."

गुरुजी आले. त्यांनी शेळीकडे पाहिलं, सळईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कुठं औषध सांडलेलं खाल्लं असंल, आजी," ते म्हणाले.

"औषध खाल्लेली शेळी फेस काढती, गुर्जी. कुठंय फेस?"

"समदाच फेस दिसतो का?"

म्हातारी माझ्याकडे वळली. "तुमी शिकलेल्या हायत, बाई. तुमीच सांगा, काय झालं हिला?"

मी म्हणाले, "मला जनावरांतलं कळत नाही, आजी."

दोन गड्यांनी शेळी उचलून नेली. संध्याकाळी मोटारवाला आला. सळई हलवून पाहिली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "चार पायाच्या जनावराला जास्ती लागतं, ताई. माणसाला इतकं न्हाई."

"इतकं नाही म्हणजे किती?"

"इतकं न्हाई," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

टीव्हीशिवाय मला पाठ घेता आला असता. घरट्यांचा तक्ता तयार होता. एका विहिरीवरच्या बाभळीतून मुलांनी सुगरणीचं खरं घरटं काढून आणलं होतं आणि ते माझ्या पिशवीत होतं. चार दिवस मी रोज ठरवायची, की उद्या गुरुजींना सांगू, टीव्ही राहू द्या. आणि रोज मला परतूरकडचं ते स्थळ आठवायचं. शिवाय पाठाच्या अर्ध्या तासात टीव्हीला कितीसं पाणी लागणार, एक तांब्या, फार तर दोन. मी असा विचार करत होते.

परीक्षेच्या दिवशी गुरुजींनी सगळ्या आवारात सडा घालून घेतला होता. रोजच्या दुप्पट. दारात रांगोळी, वर्गाच्या खिडक्यांना गोणपाट, म्हणजे चित्र उठून दिसावं. सळईला दोन घागरी पाणी आधीच पाजून टीव्ही चालू करून ठेवला होता. चित्र काठोकाठ भरलेलं. शिळेभोवती नुसता चिखल होता.

परीक्षक फाट्यावरून सरपंचांच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. वयस्क, ठेंगणे, अंगभर फुफाटा. गुरुजी पुढे धावले. पाहुणा आला, की आधी पाय धुवायला पाणी. आमच्याकडे यात विचार करायचा नसतो, हात आपोआप तांब्याकडे जातो.

"या साहेब, हातपाय धुऊन घ्या."

परीक्षकांनी पायरीवर बसून बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पँट दोन घड्या वर केली. गुरुजी तांब्या घेऊन मागच्या बाजूला निघाले आणि साहेब त्यांच्या मागे. मी वर्गात होते. मागच्या खिडकीच्या गोणपाटाच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसले. पांढरे, बुटांत राहून मऊ पडलेले. ते चिखलाच्या कडेला आले होते आणि गुरुजी हात लांब करून म्हणत होते, "हितं या, साहेब. हितं शिळा हाय."

मी टीव्हीकडे गेले आणि प्लग ओढून काढला. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, इतका कमी.

साहेबांनी पाय धुतले, चूळ भरली, रुमालाने एकेक बोट पुसलं. आत येऊन त्यांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. "बंद का?"

"पाठाच्या वेळेलाच लावणार आहे, सर."

"शाब्बास. विजेची बचत कुणी करत नाही हल्ली."

गुरुजींनी मान खाली घातली. मी खडू घेतला आणि फळ्यावर घटकाचं नाव लिहिलं. लिहिताना अक्षर नीट येत होतं. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. मला माहीत नव्हतं, असं आता म्हणता येणार नव्हतं. मुलींसाठी मी चपला ठेवल्या होत्या आणि साहेबांसाठी प्लग काढला होता.

पाठ सुरू केला. पाच-सात मिनिटं घरट्यांबद्दल बोलले, मुलांना प्रश्न विचारले, मग प्लग लावला. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. सुगरण गवताची काडी चोचीत धरून फांदीला गाठ मारत होती. मुलं गप्प बसली होती. परीक्षक खरोखरच मान वर करून बघत होते.

मग चित्र कडांनी आत यायला लागलं. दारात उभ्या गुरुजींनी पाळीच्या मुलीला बोटाने खूण केली. तीच, आखूड केसांची. ती उठली, मागच्या दाराशी गेली आणि थांबली. दारात चपला नव्हत्या. नंतर गुरुजी म्हणाले, पाहुण्यासमोर दारात फाटक्या चपला बऱ्या दिसत नाहीत म्हणून उचलून ठेवल्या. मुलीने खाली पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिला मी काहीतरी सांगावं असं वाटत होतं. 'बस खाली' एवढे दोन शब्द पुरले असते.

मी वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "आता नीट बघा, सुगरण खोप्याचं दार कुठे ठेवते."

ती बाहेर गेली.

पाण्याचा आवाज आला. चित्र थोडं पसरलं आणि पुन्हा आखडलं. परीक्षक वहीत काहीतरी लिहीत होते. मी पडद्याकडे बघत होते, पण पडद्यावर काय चाललं होतं ते मला आजही आठवत नाही. मी तिच्या पावलांची वाट बघत होते. पुन्हा पाणी पडलं. मग बराच वेळ काही नाही. वर्गात बोलणारी फक्त टीव्हीतली बाई होती. मी जागची हलले नाही. मी हलले असते, तर परीक्षकांनी का म्हणून विचारलं असतं.

मग चित्र हळूहळू पडदाभर झालं आणि ती दारातून आत आली. जागेवर जाऊन बसली, पाय परकराखाली घेतले.

पाठ संपला. मुलांनी पटापट उत्तरं दिली. मी पिशवीतलं घरटं काढून फिरवलं, तेव्हा तर सगळी जागची उठली. परीक्षक निघताना म्हणाले, "यंत्राला तुम्ही घाबरत नाही, हे आवडलं."

मी मुलीला मागे नेऊन विचारलं, "लागलं का काही?"

"न्हाई बाई. मी जवळ गेलेच न्हाई. लांबून फेकलं."

"मग एवढा वेळ?"

"बराबर पडंना न. चार बार फेकलं. रांजण पार तळाला गेला." मग ती म्हणाली, "बाई, चपला नव्हत्या."

"हो."

"तुम्ही बघितलं न?"

"जा, वर्गात बस," मी म्हणाले.

दोन दिवसांनी मी निघाले. आदल्या दिवशी गुरुजींना म्हणाले, "आता टीव्ही बंद ठेवा. शाळेला लाईट आली, की लावा."

"कशाला? तुम्हीच तर चालू करून दिला. आता रोज लावतो. संध्याकाळी गावबी येऊन बसंल."

"गुरुजी, ती शेळी..."

"शेळीनं औषध खाल्लं व्हतं, बाई. तुम्ही तितंच उभ्या व्हता."

जायच्या आधी मी मागे गेले आणि सळईला हात घातला. आकडा उतरवलेला होता, भीती नव्हती. पण ती कोपरभर खोल गेलेली होती, हलली नाही. हललीही असती, तरी मोटारवाल्याकडे दुसरी होतीच.

वीज कार्यालयाला एक पत्र टाकायचं मी एसटीतच ठरवलं. पण परीक्षकांचे गुण अजून वर जायचे होते. चोरीच्या विजेवर पाठ घेतला हे कळलं, तर पाठ रद्द होईल, अशी मला खात्री होती. म्हणून मी थांबले. निकाल जूनमध्ये लागला आणि माझे गुण यादीत बसण्यापुरते आले. त्याच दिवशी दुपारी मी डाव्या हाताने एक पोस्टकार्ड लिहिलं, गावाचं नाव आणि आकड्याची जागा कळवली, खाली सही केली नाही. पेटीत टाकलं तेव्हा शाळा उघडून आठवडा झाला होता आणि पाऊस सुरू झाला होता.

मला भोकरदन तालुक्यात, राजूरच्या बाजूला नोकरी लागली. बहिणी शिकल्या. वर्षभराने जालन्यात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. माझ्या शेजारी एक शिक्षक बसले होते, बोलता बोलता कळलं, की ते त्याच शाळेत बदलून गेलेले आहेत.

"तिथे टीव्ही होता ना?" मी विचारलं.

"व्हता. लाईटवाले आल्ते, तार तोडून घेऊन गेले. गुरुजींची बदली झाली, मी त्यांच्याच जागेवर आलो."

"लाईटवाले कधी आले?"

"श्रावणात असंल. पाऊस चांगला झाल्ता."

माझं कार्ड जूनचं होतं. मी म्हणाले, "आपण होऊन आले का? की काही झालं म्हणून आले?"

"ते मला न्हाई माहीत. मी त्याच्या नंतर आलो. गावात कोणी बोलत न्हाई त्यावर. का बरं?"

"त्या वेळी चौथीत एक मुलगी होती. आखूड केसांची. पाढे चांगले यायचे तिला."

"चौथीच्या पुढं मुली वाटूरला जातात, न्हाईतर घरी बसतात. मला कशी माहीत असंल?" ते म्हणाले. मग त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. "हजेरीपट असंल की कपाटात. नाव सांगा, बघून कळवतो."

नाव मला पाठ होतं.

"राहू द्या," मी म्हणाले. व्याख्याते आत आले होते. आम्ही वह्या उघडल्या.